ठासणीची रायफल आणि हवामान: दोष पावसाचा की वाऱ्याचा?

कोकणात पीक संरक्षणासाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिलेली असते. तिची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. नळीला आतून पीळदार आटे पाडले की तीच रायफल होते आणि नेमाची अपेक्षा वाढते. तो चुकला की पहिला ठपका पावसावर येतो.

पाऊस नेम फारसा बिघडवत नाही, तो बारच उडू देत नाही. चकमकीच्या बंदुकीत रंजक, म्हणजे बार पेटवणारी थोडीशी दारू, नळीबाहेरच्या छोट्या वाटीत असते. ते ओले झाले की गारगोटीच्या ठिणग्या वाया जातात. मे 1841 मध्ये, पहिल्या अफूयुद्धात, कॅन्टनजवळ 37व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात गावकऱ्यांच्या जमावाने घेरली. बंदुका निकामी झाल्या, शिपायांनी संगिनींवर किल्ला लढवला. त्यांची सुटका केली ती टोपीच्या, म्हणजे ठिणगीऐवजी ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर चालणाऱ्या, बंदुका असलेल्या रॉयल मरीन्सनी. वुलिचला 1834 मध्ये झालेल्या चाचणीत दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी 6,000 बार काढले होते. चकमकीचे 922 बार फुकट गेले, टोपीचे अवघे 36.

दमट हवा जड असते, म्हणून गोळी लवकर खाली येते, हाही समज चुकीचा. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. ठासणीच्या पल्ल्यात हा फरक जाणवतही नाही.

खरी गंमत कोरड्या हवेत आहे. ऊन कडक, आभाळ निरभ्र, म्हणजे नेमबाजीला उत्तम दिवस असे वाटते. पण सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू पूर्ण जळून जात नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही धुरातून जातो, उरलेल्याचा थर नळीत बसतो. हा थर हवेतली ओल शोषतो. दमट दिवशी तो मऊ राहतो, कोरड्या उन्हात मात्र वाळून टणक होतो. मग पुढची गोळी गजाने ठासताना अडते, वेडीवाकडी बसते, आणि दर बाराला वेग बदलतो. 1853च्या एनफिल्ड रायफलीला हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात हाच त्रास झाला. 1857मध्ये ज्या वंगणावरून आग भडकली, ते काडतुसांना लावण्यामागे गोळी सहज ठासली जावी हाच हेतू होता. पुढे गोळीचा व्यास 0.568 इंचावरून 0.55 इंचावर आणला गेला आणि चरबीऐवजी मेण आले.

वाऱ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, आणि नेमाचा सर्वांत मोठा शत्रू तोच. वाटोळी शिशाची गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा अर्ध्या इंच व्यासाच्या अशा गोळीला 100 यार्डांवर सुमारे फूटभर बाजूला नेतो; आधुनिक रायफलीची टोकदार गोळी तेवढ्याच अंतरात जेमतेम इंचभर सरकते. लांबट गोळी वापरली की ठासणीच्या रायफलीतही हा फरक बराच कमी होतो.

म्हणून रेंजवर उभे राहणाऱ्याने ढगांआधी झेंड्याकडे पाहावे, आणि कोरड्या दिवशी दर बारानंतर ओलसर फडका नळीतून फिरवावा, तोही प्रत्येक वेळी सारखाच.