भिजवलेले चणे, चार काड्या आणि मिथेन

“काकू, मोजून बघितलं तर कोन नव्वदचाच येतोय!”

अकरावीत शिकणारी माझी पुतणी कोनमापक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर वहीत मिथेनच्या रेणूची आकृती. मधोमध कार्बनचा ‘सी’ आणि चारी बाजूंना हायड्रोजनचे चार ‘एच’, अगदी अधिकच्या चिन्हासारखे. खाली लिहिले होते, कोन १०९ अंश २८ मिनिटे. शिकवणीत विचारले, तर ‘पाठ करा, मार्क मिळतील’ एवढेच उत्तर मिळाले. रसायनशास्त्र आपल्या डोक्याबाहेरचे आहे, असे तिने ठरवूनच टाकले होते. शाखा बदलण्याचा अर्जही आणून ठेवला होता. गावी वडिलांना हे कसे सांगायचे, याचीच तिला चिंता होती.

मला मात्र तिचा प्रश्न लाखमोलाचा वाटला. मी स्वतः रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले, पण हा आकडा पाठ करूनच. आकृतीला कोनमापक लावून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते.

छोल्यांसाठी काबुली चणे भिजवलेले होते. एक चणा आणि चार टूथपिक तिच्या हातात दिल्या. “या काड्या चण्यात अशा खोच, की त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहतील.”

सारे रहस्य एवढ्याच सूचनेत आहे. अणूंना जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात. त्यामुळे प्रत्येक जोडी शेजारणीपासून शक्य तितकी लांब जाऊन बसते.

पहिल्यांदा तिने वहीतलाच अधिक केला. मग चणा फिरवून पाहत म्हणाली, “पण वर आणि खाली तर सगळी जागा मोकळीच आहे!” दोन काड्या काढून पुन्हा खोचल्या, पुन्हा काढल्या. चणा फुटला, दुसरा घेतला. शेवटी तीन काड्या तिवईसारख्या टेबलावर टेकल्या आणि चौथी सरळ वर उभी राहिली. कोणत्याही तीन काड्यांवर उभे केले तरी ठेवण तीच. कोनमापक लावला. चण्याच्या कामात मिनिटांचा हिशेब कुठला, पण एकशे दहाच्या आसपास कोन आला. कागद सपाट असतो, रेणू सपाट नसतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मोठमोठ्या लोकांचीही इथे फसगत झाली आहे. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने क्रोकेच्या खेळातले चेंडू सळ्यांनी जोडून रेणू दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल. ही रंगांची पद्धत आजही चालते. पण त्याचा मिथेन मात्र सपाटच होता!

मग १८७४ साली व्हांट हॉफ या बावीस वर्षांच्या डच तरुणाने चतुष्फलकाची, म्हणजे चार त्रिकोणी बाजू असलेल्या आकाराची कल्पना मांडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ले बेल यानेही स्वतंत्रपणे तसेच म्हटले. व्हांट हॉफने पुठ्ठ्याची छोटी मॉडेल्स बनवून नामवंत शास्त्रज्ञांना पाठवली. कोल्बे या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याची जाहीर टिंगल केली. पशुवैद्यक विद्यालयात नोकरी करणाऱ्याने असल्या कल्पनेच्या भराऱ्या माराव्यात, हेच त्यांना खटकले. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच व्हांट हॉफला.

त्याच्या बाजूचा एक पुरावा तुम्हीही घरी पडताळू शकता. दोन काड्यांच्या टोकांना वाटाणे लावा, दोन टोकांना राजमा. वाटाणा म्हणजे हायड्रोजन, राजमा म्हणजे क्लोरीन. रेणू सपाट असता, तर त्याचे दोन प्रकार झाले असते. एकात राजमा शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. तिवईत मात्र कुठेही लावा, फिरवून पाहिले की एकच प्रकार निघतो. आणि डायक्लोरोमिथेन हा पदार्थ खरोखर एकाच प्रकारचा सापडतो. पुतणीने पाच-सहा वेळा राजमा बदलून पाहिले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

बाजारात प्लास्टिकचे तयार संच मिळतात, पण त्यावाचून काही अडत नाही. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर मुलांना कितीतरी आकार करायला शिकवले. सहा काड्या आणि चार सांधे जमवले की चतुष्फलक तयार.

फुग्यांची गंमत तर लहान मुलांनाही आवडते. चार फुगे सारखेच फुगवा, दोन-दोनांच्या गाठी मारा आणि दोन्ही जोड्या मधोमध एकमेकींत पिळा. टेबलावर दाबून सपाट केले, तरी सोडताच ते उसळून तिवई होतात. (फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, धाकटी मुले तोंडात घालतात.)

इथे पुतणीने एक फुगा टाचणीने फोडला. उरलेले तीन सपाट पसरले. “म्हणजे तीन हायड्रोजनवाला अमोनिया सपाट?” मी थबकलेच. पुस्तक काढावे लागले. अमोनियात नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनची एक जोडी एकटीच असते. तिला हायड्रोजन नाही, पण ती आपली जागा सोडत नाही. उलट अंमळ जास्तच अडवते. म्हणून फुगा फोडायचा नाही, त्याच्या जागी वेगळ्या रंगाचा, थोडा मोठा फुगा लावायचा. अमोनियातला कोन मग १०७ अंशांवर येतो. पाण्यात अशा दोन जोड्या, म्हणून कोन साडेएकशेचार.

या वाकडेपणावर आपला स्वयंपाक चालतो. पाण्याचे दोन्ही हायड्रोजन एका अंगाला झुकल्याने त्या बाजूला किंचित धन आणि ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार येतो. त्या ओढीने मीठ विरघळते. कार्बन डायऑक्साइडसारखा पाण्याचा रेणू सरळ रेषेत असता, तर दोन्हीकडची ओढ फिटून गेली असती.

शेवटी तिने काड्यांच्या टोकांना चार वेगवेगळे दाणे लावले. वाटाणा, राजमा, शेंगदाणा, पावटा. आरशातल्या प्रतिबिंबासारखे दुसरे मॉडेल केले. दोन्ही कशीही फिरवली तरी एकमेकांवर बसेनात, डाव्या-उजव्या चपलेसारखी. मी पुदिन्याची पाने आणि बाळंतशेपांची डबी तिच्यासमोर ठेवली. दोन्हींच्या वासात कार्व्होन हाच पदार्थ असतो, पण एकातला दुसऱ्यातल्याचे प्रतिबिंब. आळीपाळीने वास घेत ती कितीतरी वेळ बसून होती.

त्या रात्री छोले बेताचेच झाले. मॉडेल वाळले, तसे चणे आकसून काड्या घट्ट धरून बसले. शाखा बदलण्याचा अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. तो तिने फाडलेला नाही, पण भरलेलाही नाही. सोमवारी मात्र कॉलेजला जाताना डब्यात मिथेन आणि अमोनिया होते. पोळीभाजी तिने कागदात गुंडाळून नेली.