स्टीफन ग्रे : विजेला वाट करून देणारा रंगारी

विजेच्या खांबावर तार जेथें टेंकते तेथें चिनी मातीची वाटी बसविलेली असते, ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. तार धातूची आणि तिचा आधार मात्र चिनी मातीचा, असें कां? ह्या प्रश्नाचें उत्तर सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एका रंगाऱ्यानें शोधून काढलें. त्याची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

स्टीफन ग्रे याचा जन्म १६६६ सालीं कॅन्टरबरी येथें एका रंगाऱ्याच्या घरीं झाला. वडिलांचाच धंदा त्यानें पुढें चालविला. कापड रंगवून जो वेळ उरे तो तो आकाशाच्या वेधांत घालवी. राजज्योतिषी फ्लॅमस्टीड याच्याशीं त्याचा पत्रव्यवहार होता. उतारवयांत, १७१९ सालीं, त्यास लंडन येथील चार्टरहाउस ह्या धर्मादाय संस्थेंत आश्रय मिळाला, आणि वयाची बासष्ट वर्षें उलटल्यावर त्याच्या हातून त्याचें मुख्य कार्य घडलें.

काचेची नळी घासली म्हणजे ती पिसें ओढून घेते, हें त्या काळीं ठाऊक होतें. नळींत धूळ जाऊं नये म्हणून ग्रे यानें तिच्या टोकांस बुचें बसविलीं होतीं. १७२९ च्या फेब्रुवारींत त्याच्या नजरेस आलें कीं, पीस बुचाकडेहि ओढलें जात आहे. बूच तर कोणी घासलें नव्हतें! म्हणजे काचेचा गुण बुचांत उतरला होता. मग त्यानें बुचांत काडी खोंवून तिच्या टोकास हस्तिदंती गोळी लाविली. तीहि पीस ओढूं लागली. सुतळी बांधून गोळी उंचावरून खालीं सोडली, तरी तोच अनुभव आला.

परंतु सुतळी आडवी नेण्यासाठीं ती तुळईस सुतळीच्याच फांसांनीं टांगली, तेव्हां कांहींच घडेना. वीज फांसांवाटे तुळईंत निघून जात होती. जुलैंत ग्रे हा केंट परगण्यांतील ऑटरडेन येथें आपला मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर याच्या घरीं गेला. रेशमी दोऱ्यांचा आधार देऊन पाहावा, असें व्हीलर यानें सुचविलें. रेशीम बारीक, तेव्हां त्यांतून वीज थोडीच निसटेल, असा ग्रे याचा तर्क होता. प्रयोग साधला, ८० फुटांहून लांब दोरीच्या टोकाशीं पितळेचा वर्ख गोळीकडे उडूं लागला.

दोरी आणखी लांबवितांना मात्र रेशमी दोरा भारानें तुटला. त्याच्या जागीं त्यांनीं बळकट म्हणून पितळेची बारीक तार लाविली. आतां नळी कितीहि घासली तरी वर्ख जागचा हालेना. तार बारीक असूनहि वीज निसटते, तर प्रश्न जाडीचा नसून पदार्थाचा आहे, हें दोघांनीं ओळखलें. पुन्हां रेशीम लाविलें, आणि अखेरीस वीज ७६५ फूट दूर पोंचली. वाहक आणि दुर्वाहक हा भेद अशा रीतीनें उघडकीस आला. आज आपणांस कळतें कीं, धातूंत इलेक्ट्रॉन नांवाचे सूक्ष्म कण मोकळेपणें सरकतात; रेशीम, काच, चिनी माती यांत ते जखडलेले असतात.

१७३० च्या एप्रिलांत ग्रे यानें ४७ पौंड वजनाच्या एका मुलास केसांच्या दोऱ्यांवर आडवें टांगलें. घासलेली नळी पायांजवळ आणतांच वर्ख मुलाच्या तोंडाकडे उडाला. मनुष्याचा देहहि वाहकच! ओल्या हातानें विजेचें बटण दाबूं नये, असें वडील माणसें सांगतात तें ह्याचसाठीं.

रॉयल सोसायटीनें आपलें पहिलें कोप्ली पारितोषिक १७३१ सालीं ग्रे यास दिलें, व पुढील वर्षींहि त्यासच दिलें. १७३६ च्या फेब्रुवारींत अंथरुणास खिळलेला असतांहि त्यानें आपले शेवटचे प्रयोग सोसायटीच्या चिटणिसास तोंडीं सांगितले. त्यानंतर लवकरच त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोग फसला म्हणजे वहींतील पान फाडण्याची तुमच्यापैकीं कित्येकांस संवय असते. तें पान राहूं द्या, आणि प्रयोग कां फसला तें खालीं लिहा. पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलानें घरांत दोरी, बुचें व काचेची नळी यांचा पसारा मांडला, तर रागावण्यापूर्वीं तो काय पाहत आहे, एवढें त्यास विचारावें.