रिलेशी संवाद : वाचन आणि लेखन

३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर, २ वाजून ३३ मिनिटांनी, बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी आपोआप बंद पडली आणि पाठोपाठ उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले. या आपत्तीची कारणे अनेक होती. परंतु त्या वाहिनीपुरते पाहिले, तर तार तुटली नव्हती की कोठे वीज जमिनीत उतरली नव्हती. वाहिनीवरील भार बेसुमार वाढला होता आणि तेथील संरक्षक रिलेने त्या भारालाच दोष मानले. रिलेच्या पोटात ठेवलेल्या आकड्यांना केवढे महत्त्व आहे, याचा हा पुरावा होय.

रिले म्हणजे वीजजाळ्याचा पहारेकरी. विद्युत्प्रवाह आणि दाब यांवर तो अखंड नजर ठेवतो आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली गेली, की सर्किट ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देतो. पूर्वी हे काम चुंबक, तबकडी आणि स्प्रिंग यांच्या साह्याने होई. आजचा रिले हा एक छोटा संगणकच असल्यामुळे त्याच्याशी दुरून संवाद साधता येतो. मोठ्या पारेषण उपकेंद्रांत यासाठी अधिक प्रगत पद्धती रूढ झाल्या आहेत. परंतु कारखाने, पाणीपुरवठ्याची पंपगृहे आणि लहान उपकेंद्रे यांत आजही ‘मॉडबस’ हीच भाषा सर्रास चालते. अमेरिकेतील मॉडिकॉन या कंपनीने ती १९७९ साली प्रसिद्ध केली.

या भाषेचे व्याकरण अगदी साधे आहे. एकाने विचारावे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे. न विचारता रिलेने बोलायचे नाही. दोन तारांच्या आरएस-४८५ जोडणीवर अनेक रिले असतात आणि प्रत्येकाला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक असतो. रिलेची स्मृती ही जणू टपालपेट्यांची रांग. प्रत्येक पेटीला ‘रजिस्टर’ म्हणतात आणि तिच्यात ० पासून ६५,५३५ पर्यंतचा एकच पूर्णांक मावतो. ‘क्रमांक ७, अमुक पेटीपासून दहा पेट्या वाचून दाखव’ असे विचारण्यासाठी कार्यसंकेत ३ वापरतात. एका पेटीत लिहिण्यासाठी ६ आणि अनेक पेट्यांत लिहिण्यासाठी १६. नसलेली पेटी मागितली, तर रिले चुकीचा संकेत परत पाठवतो.

वाचनातही फसगत होते. कोणत्या पेटीत काय आहे, हे मॉडबस सांगत नाही. ते निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. पुस्तिकेत ४०००१ असे छापलेली पेटी तारेवर मात्र शून्य क्रमांकाने मागवावी लागते. हा एकाचा फरक विसरला, की शेजारची पेटी उघडते आणि प्रवाहाऐवजी दाब वाचला जातो. पेटीत ४२१५ असेल, तर तो प्रवाह ४२१५ अँपिअर की ४२१.५, हेही पुस्तिकाच सांगते. मोठी संख्या दोन पेट्यांत विभागलेली असते. पहिलीत १ आणि दुसरीत ३४,४६४ असता खरा आकडा १,००,००० होतो. पण पेट्यांचा क्रम उलटा धरला, तर तोच आकडा सव्वादोनशे कोटींच्या वर जातो.

चुकीचे वाचन बहुधा हास्यास्पद आकडा दाखवते आणि चूक उघडकीस येते. लेखनाचे तसे नाही. मर्यादेचा आकडा एका शून्याने वाढला, तरी रिले तो निमूटपणे स्वीकारील; आणि ती चूक कळेल ती प्रत्यक्ष दोषाच्या वेळी, मोटार किंवा रोहित्र जळाल्यावर. आकडा कमी पडला, तर निरोगी यंत्र भर कामात बंद पडेल. कार्यसंकेत १६ ला येणारी पोच केवळ पेटीचा क्रमांक व संख्या सांगते, आत काय लिहिले गेले ते सांगत नाही. म्हणून लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहणे, जुने आकडे आधी टिपून ठेवणे, हा जाणत्या तंत्रज्ञाचा शिरस्ता असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोष ओळखून ब्रेकर उघडण्याचे काम मॉडबसवर अवलंबून नसते. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने १२५ पेट्या वाचण्यास सुमारे पाव सेकंदाहून अधिक काळ जातो. तेवढ्यात ५० हर्ट्झच्या विजेची चौदा-पंधरा आवर्तने होऊन जातात. तार तुटली, तरी पहारेकरी आपल्या जागी सावध असतो. धोका आहे तो त्याच्या कानात कोणी खोटा हुकूम सांगण्याचा.

कारण मूळच्या मॉडबसमध्ये हुकूम देणारा कोण, हे तपासण्याची सोयच नाही. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधील ल्विव शहरात, सायबर-सुरक्षा तज्ज्ञांच्या अहवालानुसार, मॉडबसचे हुकूम उष्णतापुरवठ्याच्या नियंत्रकांना पाठवून सहाशेहून अधिक इमारती कडाक्याच्या थंडीत जवळजवळ दोन दिवस गारठविण्यात आल्या. म्हणून अशी जोडणी सार्वजनिक जाळ्यापासून अलग ठेवणे, वाचनाची मुभा पुष्कळांना पण लेखनाची मोजक्यांनाच देणे, आणि रिलेचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच न ठेवणे, एवढे पथ्य पाळावेच लागते. पहारेकऱ्याशी बोलण्यास हरकत नाही. मात्र त्याला हुकूम कोणी द्यावा, हे घरच्या धन्यानेच ठरवावयाचे असते.