उंदीर, घूस की चिचुंद्री?

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी आम्ही बसलो असता, परसातील अळवातून एक करडा प्राणी भिंतीच्या कडेने चूं-चूं करीत धावला. घरच्या आजीबाईंनी तत्काळ काठी उगारली. त्यांचे भय स्वाभाविक होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना उंदीर दिसताच धडकी भरावी यात नवल ते काय? परंतु तो उंदीर नव्हता. ती चिचुंद्री होती. आम्ही आजीबाईंचा हात धरला.

वाचकहो, ही ओळख अवघड नाही. चिचुंद्रीचे तोंड सोंडेसारखे लांब व निमुळते असते, डोळे मोहरीएवढे बारीक, आणि अंगाला उग्र दर्प येतो. गुजराती शेजारी तिला छछुंदर म्हणतात. दिसायला उंदरासारखी असली तरी ती त्याच्या जातकुळीतली नव्हे. उंदराला पुढे पटाशीसारखे कुरतडणारे दात असतात. चिचुंद्रीचे दात बारीक व अणकुचीदार असतात. झुरळे आणि किडे हे तिचे मुख्य अन्न.

उंदराचे डोळे टपोरे, कान मोठे व शेपूट लांब. घूस मात्र अंगाने थोराड, तोंडाने बोथट आणि केसांनी राठ असते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर ते काम घुशीचे समजावे. धान्य व कंदमुळे यांची खरी वैरीण तीच.

म्हणून औषध घालण्यापूर्वी बीळ पाहावे. विष उघड्यावर टाकल्यास चिचुंद्रीच नव्हे, तर मांजर आणि घुबड हे आपले साह्यकर्तेही बळी पडतात.

तथापि मित्र म्हणून चिचुंद्रीलाही उघड्या हाताने धरू नये. पिसवा तिच्या अंगावरही असतात. कारण नसता उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना स्पर्श न करता आरोग्य खात्यास कळवावे. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसाकडे वळतात. तसेच उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप जडतो. दक्षिण गुजरातेतील भात व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांनी पावसाळ्यात पायांच्या जखमा झाकून ठेवाव्यात, आणि ताप आल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

सुरत सावरली ती केवळ उंदीर मारून नव्हे. १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा रोज उचलण्याची शिस्त शहरास लावली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेलाही पहिला क्रमांक मिळाला. उकिरडा गेला की उंदराचे अन्न जाते; मग काठीचे कामच किती उरते?

त्या सायंकाळी आजीबाईंनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि नातवाला परसातील उष्ट्या-खरकट्याची टोपली उचलावयास सांगितले. आम्हांस वाटते, योग्य शत्रू त्यांना सापडला होता.