डाएट एकीचं, पथ्य अख्ख्या घराचं

‘रविवारी जेवायला या’ असं ताईच्या शेजारणीने सांगितलं, तेव्हा मला वाटलं चार-सहा जण असतील. सॅन अँटोनिओतल्या त्या बॅकयार्डात सत्तावीस माणसं होती, सगळी सख्खी-चुलत! टेक्सासमध्ये तीन पिढ्या राहिलेलं मेक्सिकन कुटुंब. ग्रिलवर मटण नव्हे, बीफ. शेजारी टॉर्टियांची चळत आणि खुर्चीत बसून प्रत्येकाच्या प्लेटवर नजर ठेवणारी आबुएला, म्हणजे आजी. मी ‘बास’ म्हटलं तर म्हणते, "कोमे, मिखा!" खा गं पोरी. डिट्टो माझी आजी.

शेजारीण मात्र अर्धीच टॉर्टिया घेऊन बसलेली. डॉक्टरांनी प्रीडायबेटिस सांगितलाय. अमेरिकेत साधारण ४० टक्के प्रौढांना कधी ना कधी टाइप टू डायबेटिस होईल असा अंदाज आहे. हिस्पॅनिक प्रौढांत हेच प्रमाण निम्म्याच्या वर. हिच्या वडिलांचा तर याच दुखण्यात पाय कापावा लागला होता.

"जिम लावली, सॅलड आणलं. तीन आठवडे टिकलं," ती सांगत होती. "आईच्या तामालेसना नको म्हणणं म्हणजे आईलाच नको म्हणणं!"

मग नणंद म्हणाली, मी येते चालायला. पाठोपाठ दोन भाच्या आल्या. एखादी आली नाही की फोनवरच्या ग्रुपवर तिची फिरकी घ्यायची. आजीने तर कुणी न सांगता मुलीच्या बीन्समधली डुकराची चरबी बंद करून तेल सुरू केलं. जिमच्या ट्रेनरला हे जमलं असतं का?

२००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेमिंगहॅममधल्या १२,०६७ माणसांचा अभ्यास आला होता. भाऊ किंवा बहीण लठ्ठ झाली की आपण तसे होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. ती माणसं बहुतेक गोरी होती. इथे तर भावंडं रोज एकाच टेबलावर जेवतात! म्हणजे बिघडवणारंही घरच आणि सावरणारंही तेच.

ऊन उतरल्यावर सगळ्या चालायला निघाल्या. आबुएलाही काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आली. मला मात्र तिने आधीच फॉइलमध्ये सहा तामालेस बांधून दिले होते. पाहुण्यांना पथ्य नसतं म्हणे.