९४ टक्क्यांचं टार्गेट

‘जमेल तेवढं चांगलं करा’ हे वाक्य साहेबाच्या तोंडी मोठं उदार वाटतं. पण काम करणाऱ्याला त्यातून कळतं काय? कुठे पोचायचं तेही नाही आणि पोचलो की नाही तेही नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचालकांना एकेकाळी हेच सांगितलं जाई. ट्रक भरायचे ते कायद्याने ठरवलेल्या कमाल वजनाच्या जेमतेम ६० टक्के. यात आळसापेक्षा धास्ती जास्त होती. ओंडके जाड-बारीक असतात, किती रचले म्हणजे किती टन झाले याचा अंदाज चुकतो आणि वजन मर्यादेबाहेर गेलं तर दंड बसतो. साहजिकच चालक हात राखून माल भरत.

मानसशास्त्रज्ञ गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा ३६ ट्रकांसाठी एक आकडा ठरवून दिला: ९४ टक्के. जास्तीचे पैसे मिळणार नव्हते. आकडा गाठता आला नाही तर शिक्षाही नव्हती. गाठला तर फक्त शाबासकी. पहिल्या महिन्यात भरती ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या महिन्यात ती ७० वर घसरली आणि हा महिनाच सगळ्यांत बोलका आहे. शिक्षा नाही म्हणतात, ते खरं का, हे चालक बहुधा पारखून पाहत होते. कोणी रागावलं नाही. तिसऱ्या महिन्यात आकडा ९० च्या घरात गेला आणि पुढेही तिथेच राहिला. वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकमध्ये कोणते बारीकसारीक बदल करावेत, हेही चालक आपणहून सुचवू लागले. नऊ महिन्यांत कंपनीचे सुमारे अडीच लाख डॉलर वाचले.

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामागे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांचा १९६८चा सिद्धान्त होता. अवघड पण नेमकं उद्दिष्ट समोर असलं, की लक्ष इकडेतिकडे भरकटत नाही, माणूस चिकाटीने टिकतो आणि वाटाही शोधतो. ‘हिशेब तपासायचेत’ असं मनाशी म्हणून बसलेला कारकून दर दहा मिनिटांनी मोबाइल उचलतो. ‘जेवणाच्या सुट्टीआधी मार्चची बिलं संपवायची’ असं ठरवलेल्याला निदान आपण मागे पडतोय हे तरी कळतं.

आकडा मात्र कुठलाही चालत नाही. अमेरिकेतल्याच वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ योजना विकण्याचा ध्यास घेतला होता. ट्रक किती भरायचा हे चालकाच्या हातात असतं. ग्राहकाला आठवं खातं हवं की नको, हे बँकेतल्या माणसाच्या हातात नसतं. त्यात टार्गेट चुकलं तर नोकरीवर गदा येण्याची भीती. मग ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना याच कारणावरून काढून टाकण्यात आलं होतं. दंडानंतर, त्याच वर्षी, बँकेने शाखांमधली विक्रीची टार्गेटंच बंद केली.