तीनशे चव्वेचाळीस काळज्या

बँकेची नोकरी संपून काही वर्षं झाली, पण आकडे डोक्यात घर करून बसण्याची खोड काही सुटत नाही. कुणाला गाण्याच्या ओळी आठवतात, मला आकडे आठवतात. असाच एक आकडा गेली काही वर्षं माझ्या मनातून जात नाही. तो आहे ३४४.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या दिवशी, आकाशात गेली. ती बांधणाऱ्या मंडळींनी उड्डाणापूर्वी एक यादी केली होती. या यंत्रात अशा किती जागा आहेत की, तिथे एक गोष्ट बिघडली तर दुसरं काही तिची जागा घेऊ शकणार नाही आणि सगळंच मुसळ केरात जाईल? उत्तर आलं, ३४४. तीनशे त्रेचाळीस ठिकाणी सगळं नीट होऊन तीनशे चव्वेचाळिसाव्या ठिकाणी एखादी खिट्टी अडकली, की संपलं!

एवढ्या जागा का? तर ही दुर्बीण घडी घालून पाठवायची होती. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा. अग्निबाणाच्या टोकात एवढी जागाच नसते. म्हणून बेरिलियम या हलक्या धातूचे १८ षटकोनी तुकडे केले, त्यांवर सोन्याचा मुलामा दिला. सगळं मिळून सोनं लागलं अवघं ४८ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने चार तोळ्यांहून थोडं जास्त. या आरशाचे दोन्ही बाजूंचे पंख मिटून तो आत बसवला.

त्याहून अवघड प्रकरण होतं सावलीचं. वेब पाहते ते अवरक्त किरण, म्हणजे एक प्रकारची उष्णताच. पाहणाराच गरम असेल तर दूरची मंद ऊब त्याला कशी जाणवणार? तेव्हा दुर्बीण थंड हवी. त्यासाठी टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरांची छत्री केली. प्रत्येक पदर माणसाच्या केसाहून पातळ. सूर्याकडच्या बाजूला तापमान ८५ अंश सेल्सियसपर्यंत जाणार आणि पलीकडे, सावलीत, उणे २३३ पर्यंत उतरणार. ही छत्री घडी करून १०७ खिट्ट्यांनी बांधून ठेवली होती आणि त्या सगळ्या वेळच्या वेळी सुटायला हव्या होत्या. घरात पैठणीची घडी मोडताना आपण किती जपतो! इथे घडी मोडायला माणूसच असणार नव्हता.

कारण वेबचं ठिकाण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ चौपट. तिथे मिस्त्री जात नाही.

या भीतीला एक इतिहास होता. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी आकाशात गेली आणि दोनच महिन्यांत जगाला कळलं, की तिला धूसर दिसतंय. आरशाची कड केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी जास्त घासली गेली होती. आरसा तपासण्याच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेलं होतं. मापच चुकीचं, त्यामुळे चुकीचा आरसा त्या मापाला बिनचूक उतरला. पण मला खरी बोचली ती पुढची गोष्ट. दुसऱ्या दोन चाचण्यांनी दोष दाखवला होता. ती उपकरणं तितकीशी अचूक नाहीत असं म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं.

बँकेत काम केलेल्या वाचकांना हे लगेच समजेल. ताळा जुळत नसला, की फरक चार आण्यांचा असला तरी तो कुठून आला हे कळेपर्यंत वही मिटायची नाही, असा आमच्या वेळचा शिरस्ता. बाहेरच्याला वाटे, काय हा कद्रूपणा! पण चार आण्यांच्या फरकामागे कधीकधी हजारांच्या दोन उलटसुलट चुका लपलेल्या असतात. फरक बोलत असतो, ऐकायची तयारी हवी.

हबलचं नशीब थोर. ती पृथ्वीपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबईहून पणजी गाठावी एवढ्याच अंतरावर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर तिथे गेले आणि त्यांनी जणू तिला चष्माच लावला. वेबला असा चष्मा लावायला कोणी जाणार नव्हतं.

म्हणून चाचण्या. २०१७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनच्या प्रचंड शीतकक्षात आरसा आणि उपकरणं अतिथंड करून तपासणं चालू होतं, तेव्हाच तिथे हार्वे चक्रीवादळ आलं. शहर पाण्यात गेलं, पण चाचणी थांबली नाही. २०१८ मध्ये ध्वनीच्या माऱ्याच्या चाचणीनंतर छत्रीच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर सुटून पडलेले सापडले. झडपा धुताना भलतंच द्रावण वापरलं गेल्याचंही निघालं. स्वतंत्र चौकशी मंडळाने अशा मानवी चुकांवर त्याच वर्षी स्पष्ट बोट ठेवलं.

आता पैशाचं बोलायला हवं. मी ते टाळलं तर माझे जुने सहकारी हसतील. नव्वदच्या दशकात हिशेब मांडला तेव्हा शंभर कोटी डॉलरच्या आत-बाहेर खर्च आणि २००७ च्या सुमारास उड्डाण, असा अंदाज होता. प्रत्यक्षात चौदा वर्षं उशीर आणि खर्च हजार कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पाऊण लाख कोटी रुपये! २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने या प्रकल्पाचे पैसेच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. कर्जाचा असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही चष्मा पुसून दोनदा वाचला असता. त्यातला काही खर्च निव्वळ ढिलाईचा होता, हे मान्य करायलाच हवं. पण पडलेले स्क्रू जमिनीवर सापडले, ते शोधण्यात गेलेला पैसा वाया गेला असं मला म्हणवत नाही. तेच स्क्रू १५ लाख किलोमीटरवर निखळले असते तर?

शेवटचे आठवडे तर लग्नघरासारखे गेले असतील. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दुर्बीण दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानात पोचल्यावर, तिला धरून ठेवणारा एक पट्टा अचानक सुटला आणि सगळ्या यंत्राला हिसका बसला. पुन्हा तपासण्या. १८ डिसेंबरचा मुहूर्त २२ वर गेला. मग संदेशांच्या जोडणीत अडचण आली, २४ तारीख ठरली. मग वारा आडवा आला. अखेर २५ तारखेला, आपल्याकडे संध्याकाळचे पाच पन्नास झाले असताना, एरियान ५ अग्निबाण उडाला. अर्ध्या तासाच्या आत दुर्बीण त्यापासून सुटी झाली. अग्निबाणावरच्या कॅमेऱ्याने तिला दूर जाताना दाखवलं, तिचं सौरपंख उघडताना दाखवलं. बस्स. वेबवर स्वतःची उलगडणी दाखवणारा एकही कॅमेरा नव्हता.

पुढचे दिवस केवळ संकेतांवर काढायचे. ३१ डिसेंबरला छत्रीचं आवरण गुंडाळलं गेल्याची खूण देणाऱ्या कळांनी अपेक्षित निरोप दिलाच नाही. तेव्हा तापमान काय म्हणतं, यान किती वळलं, असे दुसरे पुरावे जुळवून मगच पुढची आज्ञा दिली गेली. हबलच्या वेळी डावललेली साक्ष इथे मुद्दाम बोलावून ऐकली, असं मला हे वाचताना वाटलं. ४ जानेवारी २०२२ ला पाचही पदर ताणले गेले, ८ तारखेला आरसा पूर्ण उघडला, २४ तारखेला वेब मुक्कामी पोचली.

आपल्या भाषेत एक मोठी मजेची गोष्ट आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. शब्द तोच, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. काळजी करणारा रात्रभर कूस बदलतो. काळजी घेणारा उठून गॅसचं बटण बघून येतो आणि झोपतो. आमचे एक हेड कॅशियर तिजोरीला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. तरुण कारकून हसायचे. पण त्यांची झोप आम्हा सर्वांपेक्षा चांगली होती! वेबच्या मंडळींनी ३४४ काळज्या लिहून काढल्या, प्रत्येकीला नंबर दिला, प्रत्येकीपुढे करायचं काम लिहिलं. जी काळजी यादीत उतरते तिचं ओझं निम्मं होतं. उरलेली निम्मी मात्र कोणालाच चुकत नाही. मुलगी शिकायला परदेशी जाते, घरातलं माणूस शस्त्रक्रियेसाठी आत जातं, तेव्हा आपण करण्यासारखं सगळं केलेलं असतं, आणि दार बंद होतं. तिथून पुढे निरोपाची वाट पाहणं, एवढंच हाती असतं.

वेबचा निरोप चांगला आला. उड्डाण इतकं नेमकं झालं, की वाचलेल्या इंधनावर ती दहाऐवजी वीस वर्षांहून जास्त काम करू शकेल. जुलै २०२२ मध्ये पहिली चित्रं आली, तेराशे कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकाशाची. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांना तिच्याच निरीक्षणांत, विश्व केवळ दीडशे कोटी वर्षांचं असतानाची एक सर्पिल दीर्घिका सापडली. तिचं नाव त्यांनी ठेवलं अलकनंदा.

पण काळजी संपली म्हणाल, तर नाही. मे २०२२ मध्येच एका सूक्ष्म उल्काकणाने आरशाच्या एका तुकड्याला इजा केली. मंडळींनी तो तुकडा थोडा हलवून परिणाम कमी केला. आता जिकडून असे कण जास्त जोराने येतात, तिकडे तोंड करणं ही दुर्बीण शक्यतो टाळते. यादीत एक ओळ वाढली, इतकंच.